'बघू नका, दिसू द्या' म्हणजे नेमकं काय करायचं?

एका तरुण पक्षीनिरीक्षकाने विचारलंय: "ताई, दोन वर्षं नियमित येतोय. दुर्बीण चांगली आहे, पक्ष्यांची माहिती पाठ आहे, तरी गटातल्या बाकीच्यांना दिसतात ते पक्षी मला दिसत नाहीत. गेल्या फेरीत तुम्ही म्हणालात, 'बघू नका, दिसू द्या.' दुपारी सगळ्यांना आडवं व्हायला लावलंत आणि उठल्यावर प्रत्येकाला स्वप्नं विचारलीत. ती गंमत होती की त्यात खरंच काही आहे? आणि असेल तर ते शिकायचं कसं?"

गंमत नव्हती. दुपारची झोप माझ्या सोयीचीही होती, हे कबूल करते. बारा ते तीन रानात फारसं काही हलत नाही आणि माझी पाठ आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. पण स्वप्नं विचारली ती मुद्दाम.

आधी त्या सकाळचं सांगते. तुम्ही उंबराखाली उभे होतात आणि मी मागे बांधावर बसून तुमच्याकडेच बघत होते. झाडावर हरियाल, म्हणजे हिरवी रानकबुतरं होती, दहा-पंधरा तरी. तुम्ही दुर्बीण डोळ्याला लावून खालच्या फांदीपासून सुरुवात केलीत आणि एकेक फांदी तपासत वर गेलात, तलाठी सातबारा तपासतो तसे. सात-आठ मिनिटं गेली. तेवढ्यात सरपणाची मोळी घेऊन एक आजी आल्या, मान वर केली, "भरलंय की झाड" म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यांनी काही शोधलं नव्हतं. झाड त्यांना एकदम दिसलं, पाखरांसकट.

हरियाल हा या बाबतीत फार चांगला मास्तर आहे. माणूस आला की तो उडत नाही, जागच्या जागी थिजतो. हिरवट पिवळा, पानांच्या रंगात मिसळलेला. एकेक पान तपासणाऱ्याला तो सापडत नाही. पण झाडाखाली नुसतं उभं राहिलं, नजर सैल सोडली, की दोन-तीन मिनिटांनी एखादा मान वळवतो, एखादा फळाकडे सरकतो आणि मग एकामागून एक सगळं झाड जिवंत होत जातं. पहिला दिसायला वेळ लागतो, पुढचे दहा आपोआप दिसतात.

आता यातलं गणित. तुमच्या ८ बाय ४२ च्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून साधारण सात-आठ अंशांचा तुकडा दिसतो. उघड्या डोळ्यांना आडवा विस्तार दिसतो तो १८० अंशांच्या आसपास. म्हणजे दुर्बीण लावली त्या क्षणी तुम्ही रानाची बहुतेक सगळी दारं लावून घेतलीत आणि एका झरोक्यातून बघायला लागलात. त्यातही डोळ्याचा जो मधला भाग अगदी बारीक तपशील टिपतो, त्याचा आवाका जेमतेम दोन अंशांचा. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढा. आपण "नीट बघतो" म्हणतो तेव्हा हे नखाएवढं ठिगळ जगावर फिरवत असतो. वाचायला, सुईत दोरा ओवायला, पिसांवरचे पट्टे मोजायला ते हवंच. पण कुठे बघायचं हे त्या ठिगळाला कळत नाही. ते सांगतात डोळ्याच्या कडा.

कडांची रचनाच वेगळी आहे. शाळेत शिकलेल्या शंक्वाकार आणि दंडाकार पेशी आठवतात? रंग आणि तपशील पाहणाऱ्या शंक्वाकार पेशींची दाटी मधोमध असते. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडाकार पेशी अगदी मधल्या बिंदूत नसतातच, त्या भोवतालच्या भागात असतात. आणि कडेला काही हललं तर ते चटकन जाणवतं, भले ते काय आहे हे सांगता येत नसेल. याची खात्री घरबसल्या नाही, पण अंधाऱ्या माळावर एका रात्रीत करता येते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी, चंद्र नसताना, शहरापासून लांब जा. अंधारात डोळे तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवा. मग देवयानी दीर्घिका शोधा. साधारण २५ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते, फिकट धुक्याच्या पुसट ठिपक्यासारखी. तिच्याकडे थेट बघितलंत की ती विरते. नजर जरा बाजूला नेलीत की परत येते. आकाशनिरीक्षक मंडळी ही युक्ती सर्रास वापरतात. मला ती कळली तेव्हा मी पक्ष्यांमागे धावून पाच वर्षं झाली होती, आणि फार राग आला होता, की हे मला आधी कुणी का सांगितलं नाही.

तर पहिली कृती. रानात पोचल्यावर दुर्बीण पिशवीतच ठेवा. उभे राहा, समोर लांबचा एखादा बिंदू धरा, झाडाचा शेंडा किंवा डोंगराची खांड. दोन्ही हात समोर धरून बोटं हलवत हलवत हात हळूहळू बाजूंना न्या. नजर बिंदूवरच. हलणारी बोटं कडेला जेमतेम जाणवतात तिथे थांबा. मग एक हात वर, एक खाली, तसंच. आता हात सोडा, पण ती सगळी रुंदी धरून ठेवा. सुरुवातीला दहा सेकंदही टिकत नाही. नजर लगेच कशाला तरी जाऊन चिकटते. चिकटली की सोडवायची, चिडायचं नाही. टिकायला लागलं की एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल: खांदे खाली आलेले असतात, श्वास लांबलेला असतो. हे उलट बाजूनेही खरं आहे. माणूस ताणात असला की त्याचं लक्ष आक्रसतं, कडेच्या खुणा गळायला लागतात. ईस्टरब्रुक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ सालीच हा विचार मांडला होता. तुम्हाला पक्षी दिसत नाहीत याचं निम्मं कारण मला यातच वाटतं. "आजही नाही दिसला तर?" हे ओझं घेऊन तुम्ही येता. त्या ओझ्याने नजर सुईसारखी होते, आणि सुईने झाड दिसत नाही.

हे मला कुणी शिकवलं त्याची गोष्ट सांगते. मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राण्यांची मोजदाद करतात. माझी पहिलीच वेळ होती. सोबत वनखात्याचे एक कोरकू मजूर होते, साठीच्या घरातले. मी रात्री आठपासून पाणवठ्याकडे डोळे फाडून बघत होते. चांदणं लख्ख होतं, पण तासाभरात प्रत्येक झुडपाचं अस्वल व्हायला लागलं. एकटक पाहिलं की स्थिर गोष्टही सरकल्यासारखी वाटते, डोळे तसे फसवतात. मी दोनदा त्यांना कोपराने ढोसून "ते बघा" म्हटलं, दोन्ही वेळा करवंदीची जाळी. ते मात्र पाठ टेकून, डोळे अर्धे मिटून बसलेले. मला वाटलं, झोपले. मनातून थोडी चिडलेही.

अकराच्या सुमारास ते तसेच बसल्या जागेवरून पुटपुटले, "आलं." मी पाणवठा पिंजून काढला. काही नाही. चारेक मिनिटांनी डाव्या अंगाने खरंखुरं अस्वल उतरलं, पाठीवर पिल्लू. सकाळी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, "तिकडचे किडे थांबले." रातकिड्यांच्या त्या अखंड किर्रर्र आवाजात डाव्या बाजूला एक भोक पडलं होतं, आणि ते भोक पुढे सरकत होतं. त्यांनी कान लावून एकही किडा ऐकला नव्हता. त्यांना सगळं रान एका चादरीसारखं ऐकू येत होतं, म्हणून चादर फाटली ते कळलं. मी रात्रभर त्या चादरीतला एकेक धागा तपासत बसले होते.

तेव्हापासून मी गटाला आधी आवाज ऐकायला बसवते. पण "हा तांबट, हा कोतवाल" असं ओळखायचं नाही. नावं घ्यायची नाहीत, हे लोकांना फार जड जातं. फक्त आवाजांची एकूण वीण कानावर येऊ द्यायची आणि ती बदलली तर हात वर करायचा. सातभाईंची बडबड अचानक चिरकी होते. वानर खाकरतं. टिटवी उगाच ओरडत नाही. कधी कधी फक्त एक गप्पपणा पसरतो आणि मागोमाग शिक्रा, हा शिकारी पक्षी, झाडातून सुटतो. ज्याला वीण ऐकू येते त्याला शिक्रा दिसतो. बाकीच्यांना "गेला, गेला" एवढंच ऐकू येतं.

पक्षी ओळखण्यातही हेच चालतं. मुरलेला माणूस अर्ध्या सेकंदात लांबून जाणारी आकृती पाहून "कापशी" म्हणतो, म्हणजे कापशी घार. कशावरून म्हणालात विचारलं की त्याला सांगता येत नाही, मग तो नंतर जुळवून कारणं देतो: पंख असे धरले होते, एका जागी फडफडत थांबली होती. खरं म्हणजे आधी ओळख आली, कारणं मागाहून आली. अमेरिकेत १९७५ साली कुंडेल आणि नोडिन यांनी छातीचे एक्स-रे तज्ज्ञ डॉक्टरांना फक्त ०.२ सेकंद दाखवले. तेवढ्यात डोळा फिरवायलाही वेळ मिळत नाही. तरी सुमारे ७० टक्के दोष त्यांना ओळखता आले. पण याच जातीच्या तज्ज्ञांची दुसरी बाजूही बघा. २०१३ साली ट्रॅफ्टन ड्र्यू आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला बसवलेल्या २४ रेडिओलॉजिस्टांसमोर चित्रात एक गोरिला घुसडला, गाठीपेक्षा कितीतरी मोठा. त्यातल्या २० जणांना तो दिसलाच नाही. ते गाठी शोधत होते ना. उंबराखाली तुम्हीही "पक्षी" शोधत होतात, म्हणजे चित्रातल्यासारखा बाजूने दिसणारा, चोच, डोळा, शेपूट असलेला पक्षी. हरियाल मात्र पानांच्या मागे पोट दाखवून बसले होते.

हे सगळं परकं किंवा गूढ आहे असं वाटत असेल तर आपलीच भाषा जरा ऐका. 'मी बघतो' यात कर्ता मी आहे. 'मला दिसतं' यात मी कर्ता नाही, माझ्याकडे काहीतरी येतंय. चाहूल लागते. वास येतो. ऐकू येतं. लक्षात येतं. सुचतं, आठवतं, उमगतं. अशा सगळ्या ठिकाणी मराठी माणूस निमूट बाजूला उभा राहतो आणि गोष्टीला येऊ देतो. आणि स्वप्न? स्वप्न पडतं. पिकलेलं फळ पडावं तसं. 'मोठी स्वप्नं बघा' हे भाषणांतलं आणि पोस्टरवरचं. झोपेतलं स्वप्न कुणी ठरवून बघत नाही, ते पडतंच. मी 'बघू नका, दिसू द्या' म्हणते ते एवढंच, क्रियापद बदला.

आता स्वप्नांकडे येते, कारण तुमची खरी शंका तिथे आहे.

काही वर्षांपूर्वी दोडामार्गकडे, तिलारीच्या रानात आम्ही चौघं फ्रॉगमाउथ शोधत होतो. बेडकासारखं रुंद तोंड असलेला हा निशाचर पक्षी दिवसा बांबूच्या किंवा वेताच्या जाळीत वाळक्या पानासारखा बसून असतो, बहुधा जोडीने, नर राखट आणि मादी तांबूस. दोन दिवस हाती काही लागलं नाही. दुसऱ्या रात्री मला स्वप्न पडलं ते पक्ष्याचं नव्हतंच. आजोळचं मागचं दार, दोरीवर वाळत घातलेले कपडे, जोराचं वारं. सगळे कपडे फडफडतायत, फक्त दोन फडकी हलत नाहीत. मी ती काढायला जाते तर आजी म्हणते, "ती दोन राहू दे गं, ओली आहेत अजून."

जाग आली तेव्हा उजाडायचं होतं. मी डोळे मिटूनच पडून राहिले, आणि त्या न हलणाऱ्या दोन फडक्यांवरून मला आदल्या दुपारची बांबूची एक जाळी आठवली. वारं होतं, सगळी पानं सळसळत होती, आणि मी तिथून जाताना काहीतरी खटकलं होतं. काय ते तेव्हा कळलं नव्हतं. आम्ही सकाळी तिथे गेलो. दोन वाळकी पानं, एकमेकांना चिकटून, वाऱ्यातही निश्चल. त्यातल्या एकाला मिशा होत्या.

या गोष्टीत मला दिव्य काही वाटत नाही. डोळ्याच्या कडेने आदल्या दिवशीच ते टिपलं होतं. जागेपणी माझं लक्ष "पक्ष्याचा आकार" शोधण्यात गुंतलेलं, त्यामुळे ते टिपण कुणी उघडून वाचलं नाही. रात्री वाचलं गेलं, तेही आजीच्या भाषेत. बहुतेक. हे 'बहुतेक' मी मुद्दाम लिहितेय, कारण याच वहीत दुसरी पानंही आहेत. त्याच वर्षी स्वप्नात बिबट्या एका ओढ्याच्या वळणावर बसलेला दिसला, लख्ख, मिशांवरच्या दवासकट. मी लागोपाठ तीन सकाळी तिथे गेले आणि फक्त गोचिडी घेऊन परत आले. स्वप्न बिबट्याचं होतं, कारण मला बिबट्या हवा होता. रानातल्या स्वप्नांत मी आता एवढाच फरक करते: जे मला हवं होतं तेच दिसलं तर ते पान मिटवते, ज्यात एखादी बिनमहत्त्वाची, विचित्र बारीक गोष्ट हट्टाने मध्ये येते, ते पान जपून ठेवते. न हलणारं फडकं मला कशाला हवं होतं?

झोपेत मेंदू दिवसाचं पुन्हा चाळतो, हे आता बऱ्यापैकी माहीत झालंय. १९५३ साली शिकागो विद्यापीठात अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप, म्हणजे रेम झोप, नोंदवली आणि स्वप्नांचा तिच्याशी असलेला संबंध पुढे आला. त्याच विद्यापीठात २००० साली डेव्ह आणि मार्गोलियाश यांनी दाखवलं की झेब्रा फिंच हा छोटा गाणारा पक्षी झोपलेला असताना त्याच्या मेंदूतल्या पेशी तशाच क्रमाने चेततात, जशा गाताना चेततात. पाखरू झोपेत गाणं घोकतं म्हणा ना. मला तर ही बातमी वाचून दोन दिवस काही सुचलं नव्हतं. त्याच वर्षी हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी लोकांना टेट्रिस खेळायला लावलं आणि डोळा लागता लागता काय दिसतं ते विचारलं, तर अनेकांना पडत जाणारे तुकडे दिसत होते. त्यात नव्या आठवणीच न टिकणारे, स्मृतिलोप झालेले लोकही होते, ज्यांना आपण तो खेळ खेळलो हेच आठवत नव्हतं. खेळ विसरला, तुकडे राहिले. भिगवणला दिवसभर रोहित आणि बदकं मोजून रात्री डोळे मिटले की पापण्यांच्या आत थव्यांच्या ओळी उडत राहतात, हा अनुभव आमच्यातल्या प्रत्येकाला आहे. तुम्हालाही असेल, तुम्ही त्याला थकवा समजला असाल.

बदकांवरून आठवलं. रांगेत झोपलेल्या बदकांतलं टोकाचं बदक बघा कधी. रॅटनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली मॅलार्ड बदकांवर हे तपासलं: कडेची बदकं थव्याबाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतात, आणि मेंदूचा एक अर्धा जागा ठेवून दुसऱ्या अर्ध्याने झोपतात. मचाणावरचे ते कोरकू बाबा मला नेहमी त्या बदकासारखे आठवतात. माणसाला अर्धा मेंदू झोपवता येत नाही, पण जाग आणि झोप यांच्या उंबरठ्यावर थोडा वेळ बसता येतं.

आणि तो उंबरठा म्हणजेच माझी दुपारची वामकुक्षी. पॅरिस ब्रेन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०२१ साली एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आकड्यांचं एक कोडं दिलं, ज्यात सोडवण्याची एक सोपी वाट लपलेली होती. मध्ये थोडी विश्रांती, हातात एक वस्तू धरून, म्हणजे डोळा लागला की वस्तू पडते. जे झोपेच्या अगदी पहिल्या पायरीवर किमान १५ सेकंद होते त्यांतल्या ८३ टक्क्यांना ती लपलेली वाट नंतर सापडली. जागे राहिलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के. आणि जे आणखी खोल झोपले त्यांचा फायदा गेला. एडिसन हातात धातूचे गोळे धरून डुलकी घेत असे म्हणतात, त्यावरूनच त्यांना हा प्रयोग सुचला. आम्ही बेहड्याचं वाळकं फळ धरतो, खाली स्टीलची ताटली. खण्ण वाजतं, सगळे हसतात, पण जाग येते त्या क्षणी डोळ्यांसमोर काय होतं ते प्रत्येकाला सांगता येतं. तुम्ही त्या दिवशी "काही नाही, नुसती हिरवी भिंत आणि तिच्यात भोकं" म्हणालात, आठवतं? मला तेव्हाच वाटलं होतं की उंबर तुमच्या डोळ्यांत गेलाय, तुम्हाला बातमी नाही अजून.

एक इशारा इथेच देते. तिलारीच्या भागात रानटी हत्ती आहेत. जिथे हत्ती, अस्वल, गवे असतील तिथे झाडाखाली वामकुक्षी करायची नाही, गावात किंवा तळावर येऊनच आडवं व्हायचं. आणि ज्यांना भीतीची स्वप्नं वारंवार पडतात, झोप मोडते, दिवसा त्याचा त्रास होतो, त्यांनी माझ्यासारखीचं ऐकून स्वप्नांची वही सुरू करू नये, डॉक्टरांना दाखवावं. मी पाखरं दाखवणारी बाई आहे.

स्वप्नाला आपल्याकडे फार मोठा मान आहे हे मला माहीत आहे. तुकोबांना गुरूचा उपदेश स्वप्नात झाला, कवित्वाची आज्ञा घेऊन नामदेव स्वप्नातच आले, बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह स्वप्नात. पतंजलींनीही स्वप्न आणि निद्रा यांतलं ज्ञान चित्ताला आधार देऊ शकतं असं एका सूत्रात सांगून ठेवलंय. त्या उंचीवर मी बोलत नाही. माझी स्वप्नं वाळत घातलेल्या कपड्यांची असतात. आणि दुसरं टोकही मला नको, की स्वप्न म्हणजे मेंदूचा केरकचरा. केर काढतानाच हरवलेली कुडी सापडते, हे ज्या घरात केर काढला जातो तिथे सगळ्यांना माहीत असतं.

मात्र एक नियम मी कुणालाही मोडू देत नाही. सैल नजरेतून आलेलं, डुलकीत आलेलं, स्वप्नात पडलेलं, यातलं काहीही नोंद म्हणून लिहायचं नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचा पक्षी हा डोळ्यांनी पाहिलेला, खुणा तपासलेला हवा. तिलारीला स्वप्नाने फक्त पाय वळवले; नोंद दुर्बिणीने केली, फोटो काढून, चौघांनी बघून. एका झलकेत ओळखण्याचा माज मलाही एकदा चढला होता. किल्ल्याच्या कड्यावरून वेगाने खाली झेपावणारी आकृती पाहून मी अख्ख्या गटासमोर "शाहीन ससाणा!" म्हणून ओरडले. तो वळून तटावर बसला आणि घुमायला लागला. पारवा होता. मुलं अजून मला शाहीनताई म्हणतात.

म्हणजे दुर्बीण हवीच, पण दुसऱ्या नंबरला. माझा स्वतःचा क्रम असा आहे: पोचल्यावर पहिली वीस मिनिटं पिशवी बंद, नजर रुंद, नावं नाहीत. काही खटकलं, हललं, थांबलं, की आधी तिकडे नुसतं तोंड वळवायचं, मग थोडं थांबायचं, आणि मगच दुर्बीण. घाईने दुर्बीण उचलली की ती हालचाल पाखराला पहिली दिसते. दोन वर्षांची सवय आहे, त्यामुळे तुमचे हात आपोआप दुर्बिणीकडे जातील. गळ्यात अडकवूच नका, पाठीवरच्या पिशवीत ठेवा, म्हणजे काढायला कष्ट पडतील.

स्वप्नांच्या वहीचं विचारलं नाहीत, पण विचाराल म्हणून सांगून ठेवते. रेम झोपेचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात, त्यामुळे पक्षीनिरीक्षणासाठी साडेचारचा गजर लावता तेव्हा तुम्ही नेमके स्वप्नांच्या भर बाजारातून उठता. गजर बंद करा, पण उठू नका आणि कूसही बदलू नका. शरीर हललं की स्वप्न सांडतं. शेवटचं चित्र धरा, तेवढंच, आणि त्याचं शेपूट धरून मागे मागे जा. गोष्ट जुळवायची नाही, अर्थ लावायचा नाही. वस्तू लिहा, जागा लिहा, कोण काय म्हणालं ते शब्दशः लिहा. महिनाभर पानं कोरीच गेली तरी चालेल, हळूहळू यायला लागतं. वही उशीजवळ हवी, फोन नको, त्याच्या उजेडात सगळं पुसलं जातं. आणि पेन नको, पेन्सिल ठेवा. आडवं पडून लिहिताना पेनची शाई उतरत नाही, आणि पहाटेच्या त्या अर्ध्या मिनिटात पेन झटकत बसलात की आजी काय म्हणाली ते जातं.